हेर आणि हेरणे

मराठीतला ‘हेर’ हा ‘हेरणे’ या क्रियापदाचा सख्खा. मंगोलियात आठव्या शतकात कोरलेल्या, तोन्यूकूक या मंत्र्याच्या तुर्की शिलालेखात हेराला ‘कोरुग’ म्हटले आहे. त्याच्या मुळाशी ‘कोर’, म्हणजे पाहणे. दूरदूरच्या दोन भाषांनी या माणसाची ओळख डोळ्यांवरून ठेवली. हीच खूण धरून वाचकाने हेरगिरीच्या विषयात यावे. वेषांतराच्या गोष्टी त्यात आहेतच, पण खरा प्रश्न वेगळा आहे : राज्याला काय दिसत होते, आणि दिसलेल्यावर ते किती विसंबत होते?

सेल्जुक तुर्कांचा इराणी वजीर निजामुल्मुल्क याने अकराव्या शतकात ‘सियासतनामा’ लिहिला. व्यापारी, दरवेशी, औषधविक्रेते यांच्या वेषात हेर सर्वत्र पाठवावेत, असा त्याचा सल्ला. पण सुलतान अल्प अर्सलानला बातमीदार नको होते. मित्र बातमीदाराला लाच देणार नाहीत, शत्रू मात्र देतील. मग मित्रांची निंदा आणि शत्रूंची स्तुतीच कानावर येईल, अशी त्याची भीती. हा वाद आजही शिळा झालेला नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळघाटच्या वाचकालाही हे परके वाटू नये. इथून नैऋत्येला दौलताबाद आहे. १३२७ च्या सुमारास महंमद तुघलकाने तिथे राजधानी हलवली. तुघलक हे करौना तुर्क, असे प्रवासी इब्न बतूता सांगतो. त्याने पाहिलेला डाकेचा धावपटू एका हातात पत्र आणि दुसऱ्या हातात घुंगरांची काठी घेऊन धावे. घुंगरू ऐकताच पुढच्या चौकीवरचा माणूस कंबर कसून उभा राही. सुलतानासाठी गंगेचे पाणीही याच डाकेने दौलताबादला येई. परदेशी पाहुणा आला की त्याचा चेहरा, पोशाख, नोकर, जनावरे यांची बारीक नोंद करून ती दरबारी धाडली जाई.

पुढे मोगलांचे वाकेनवीस, म्हणजे बातम्या लिहिणारे, आणि हरकारे आले. सभासदाच्या बखरीत शिवरायांचा हेर बहिर्जी जाधव याची कामगिरी आली आहे. डाक, हरकारा, जासूद, अखबार हे शब्द आपल्या बोलण्यात मुरले आहेत.

म्हणून तुर्की शिलालेख, फारसी ग्रंथ आणि मराठी बखरी शेजारी ठेवून वाचाव्यात. कुठल्याही लढाईचे वर्णन वाचताना वाचकाने तीन प्रश्न विचारावेत : बातमी कोणी आणली, ती किती दिवसांनी पोचली, आणि तिच्यावर विश्वास कोणी ठेवला?