काळं चिलखत

चिलखत म्हटलं की डोळ्यांसमोर येतो तो सिनेमातला चकचकीत सरदार. पण सोळाव्या शतकातल्या युरोपात साध्या पायदळ शिपायाचं चिलखत बरेचदा काळंच असायचं. कारण रुबाब नाही, पैसा! पत्रा चकचकीत करायचा म्हणजे तासन्‌तास घासकाम. त्यापेक्षा भट्टीचा काळा थर तसाच ठेवायचा, नाहीतर तापल्या पोलादावर जवसाचं तेल फासायचं.

गरम तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, रेणू एकमेकांना जखडतात आणि पातळ, कडक, काळपट थर बसतो. मग गंज लवकर धरत नाही. मेख एकच, ताव सांभाळायचा. 300 अंश सेल्सियसच्या आसपास पोलाद निळं पडतं आणि पाणी दिलेलं असेल तर त्याचा कडकपणाही कमी होतो.

ऑस्ट्रियात ग्राझच्या जुन्या शस्त्रागारात सुमारे 32,000 वस्तू आहेत, त्यात शिपायांची अशी काळी चिलखतंही. 1749 मध्ये मारिया थेरेसा ते मोडीत काढणार होती, स्थानिक सरदार-प्रतिनिधींनी विनवण्या केल्या म्हणून वाचलं. इतरत्र मात्र पुढच्या पिढ्यांनी कित्येक काळी-निळी चिलखतं 'साफ' म्हणून घासून पांढरी केली. मूळ रंग गेला तो गेलाच.

त्यांना मी कोणत्या तोंडानं हसू? आजीच्या बिडाच्या तव्यावरचा काळा थर म्हणजे हेच रसायन. तो मी एका रविवारी तारेच्या घासणीनं लख्ख केला होता. दुसऱ्या दिवशी घावन सुटता सुटेना. आजी काही बोलली नाही. अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरवत बसली.