जुनी जीप घेताना

गेल्या उन्हाळ्यात मी एक जुनी जीप विकत घ्यायला निघालो होतो. महिंद्राची एमएम ५४०, १९९६ ची नोंदणी, हिरवा रंग, वर ताडपत्रीचा हूड. मालक तीन लाख दहा हजार म्हणत होता. घरच्यांचे मत विचाराल तर सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, "अहो, ती आपल्याला नेणार की आपण तिला नेणार?"

गाडी हवी होती ती हौसेसाठी नव्हे. नोकरी सांभाळून गेली वीस-बावीस वर्षे मी नागपूर परिसरातली महापाषाणयुगीन शिळावर्तुळे पाहत हिंडतो. काटोल मार्गावरचे जुनापाणी शहराला लागूनच आहे, तिथे दुचाकी चालते. पण पारशिवनीकडे नायकुंडला, जिथे उत्खननात लोखंड गाळण्याची भट्टी सापडली, किंवा त्याही पलीकडच्या शिवारांत जायचे तर काळ्या मातीशी गाठ असते. मृगाचा एक पाऊस पडला की ही माती चाकाला अशी धरते की साधी गाडी जागची हलत नाही. चारही चाकांना ताकद देणारी गाडी हवी, नवी परवडत नाही, म्हणजे जुनी जीप आलीच.

निर्णय होईना तेव्हा सवयीप्रमाणे मी इतिहासाकडे वळलो. वाटले होते, इंजिनाबद्दल चार गोष्टी कळतील. हाती आली ती वेगळीच गोष्ट. आपल्या देशात जीप आली तीच मुळी जुना माल म्हणून. आणि स्वतंत्र भारतातला पहिला मोठा खरेदी-घोटाळा गाजला तोही जुन्या जीपगाड्यांच्याच खरेदीवरून.

आधी जीपचा जन्म. १९४० च्या उन्हाळ्यात अमेरिकी सैन्याने हलक्या टेहळणी गाडीसाठी १३५ कंपन्यांकडे विचारणा केली. वेळ इतका थोडा होता की धड प्रतिसाद दिला तो दोघांनीच. पेनसिल्व्हेनियातल्या बटलर गावच्या बँटम या बुडीत निघालेल्या छोट्या कंपनीने २३ सप्टेंबर १९४० रोजी पहिला नमुना सैन्याच्या हवाली केला. पण मोठे उत्पादन बँटमच्या नशिबी नव्हते. आराखडा सैन्याने विलीज आणि फोर्ड यांच्यापुढे ठेवला. ओहायोतल्या टोलेडोच्या विलीज कंपनीचे इंजिन सर्वांत जोरकस, सुमारे २२०० सीसी आणि ६० अश्वशक्तीचे. ते बार्नी रूस या अभियंत्याने घडवले होते. युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड मिळून सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार झाल्या. नाव कसे पडले याविषयी मतभेद आहेत. कोणी सैन्याच्या 'जीपी' या अक्षरांकडे बोट दाखवतात, तर कोणी पॉपॉयच्या चित्रकथेत १९३६ साली अवतरलेल्या 'जीप' नावाच्या अद्भुत प्राण्याकडे.

ही गाडी फार वर्षे टिकावी म्हणून बनवलेली नव्हती, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. तिने लढाईत काम भागवायचे, मोडली तर दुसरीचे भाग काढून हिला लावायचे. आज आपण जिच्या टिकाऊपणाचे गोडवे गातो, तिचा टिकाऊपणा मुळात सुटे करता येण्यात आहे. कुठलाही भाग निघतो आणि दुसरा बसतो. हा तिचा मोठा गुण. जुनी घेणाऱ्याच्या दृष्टीने मोठा धोकाही हाच, कारण समोर उभी असलेली जीप एकच जीप आहे की चार जिपांची मिळून एक, हे नुसते पाहून सांगता येत नाही.

ब्रह्मदेश आणि आसामच्या आघाडीसाठी दोस्त सैन्याने भारतात प्रचंड सामान आणले होते. युद्ध संपल्यावर ते परत नेणे परवडणारे नव्हते. शिल्लक मालाची विल्हेवाट सरकारी खात्यामार्फत लागू लागली आणि 'डिस्पोजल' हा शब्द आपल्या बाजारभाषेत कायमचा रुजला. डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची ब्लँकेटे, डिस्पोजलचे तंबू, तशीच डिस्पोजलची जीप. कामठीची छावणी १८२१ पासूनची, त्यामुळे नागपूरकरांना सैन्याचा उतरलेला माल नवा नव्हता. पण यंत्रावर चालणारा, घरी नेता येणारा असा माल सामान्य माणसाने प्रथमच पाहिला.

याच सुमारास, २ ऑक्टोबर १९४५ रोजी, 'महिंद्रा अँड मोहम्मद' ही पोलादाचा व्यापार करणारी कंपनी स्थापन झाली. जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र हे महिंद्रा बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद हे तिचे संस्थापक. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानचे पहिले अर्थमंत्री झाले, पुढे १९५१ मध्ये गव्हर्नर जनरलही. इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव 'महिंद्रा अँड महिंद्रा' झाले. विलीजच्या जीपचे सुटे भाग आणून मुंबईत माझगावला त्यांची जुळणी सुरू झाली. अशा रीतीने स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर देशात दोन प्रकारच्या जिपा होत्या: माझगावची नवी आणि डिस्पोजलची जुनी. दिसायला दोघी बहिणी.

आता त्या प्रकरणाकडे वळू. १९४८ साली काश्मीरची लढाई चालू होती. डोंगरी रस्त्यांवर सैन्याला जिपांची निकड होती आणि त्या तातडीने मिळत नव्हत्या. लंडनमधले भारताचे उच्चायुक्त व्ही. के. कृष्ण मेनन यांनी एका परदेशी कंपनीशी सुमारे ८० लाख रुपयांचा करार केला. जिपा वापरलेल्या, दुरुस्त करून द्यायच्या. नेहमीची पद्धत बाजूला ठेवली गेली आणि रकमेचा मोठा भाग आगाऊ दिला गेला. भारतात येऊन पोचल्या त्या १५५ जिपा. त्याही कामाच्या नव्हत्या अशी ओरड झाली. संसदेत गदारोळ झाला, अनंतशयनम अय्यंगार यांच्या समितीने चौकशीची गरज मांडली. अखेर ३० सप्टेंबर १९५५ रोजी गृहमंत्री गोविंद वल्लभ पंत यांनी प्रकरण मिटल्याचे जाहीर केले. ३ फेब्रुवारी १९५६ रोजी मेनन केंद्रीय मंत्रिमंडळात दाखल झाले.

या प्रकरणावर पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि त्यातले बहुतेक लिखाण मेनन या व्यक्तीभोवती फिरते. त्यांच्यावर कोणत्याही न्यायालयात काही सिद्ध झाले नाही, हेही तितकेच खरे. मला मात्र जीप घ्यायला निघालेला गिऱ्हाईक म्हणून ते प्रकरण निराळे दिसले. चूक जुनी गाडी घेण्यात नव्हती. युद्ध दारात असताना जुनी तर जुनी, पण गाडी हवी, हा विचार अगदी व्यवहारी आहे. चूक क्रमात होती. माल तपासण्याआधी पैसे गेले आणि घाई हे त्याचे कारण ठरले. जुन्या वस्तूच्या व्यवहारात विकणाऱ्याला सगळे ठाऊक असते आणि घेणाऱ्याला थोडे. हे अंतर भरून काढायला घेणाऱ्याच्या हाती एकच हत्यार असते, ते म्हणजे अजून न दिलेले पैसे. ते आधीच टाकून दिले की पुढे देशाचे सरकारही हतबल होते, तिथे माझी काय कथा!

पन्नास-साठच्या दशकांत जीप सरकारची झाली. २ ऑक्टोबर १९५२ ला सामूहिक विकास योजना सुरू झाली, तसा 'बीडीओची जीप' हा शब्दप्रयोग खेडोपाडी पोचला. हिवताप निर्मूलनाचे पथक, तहसीलदार, निवडणुकीचे उमेदवार, सगळे जीपमधून येत. गावात धूळ उडाली की सरकार आले असे समजावे. अमेरिकेत सीजे-३बी या उंच बॉनेटच्या जीपचे उत्पादन १९६८ मध्ये थांबले, पण महिंद्राने तोच साचा पुढे अनेक दशके चालवला. बॉनेट उंच का, तर आतले सुधारित इंजिन उंच म्हणून. पुढे पेट्रोल महागले, तेव्हा ट्रॅक्टरच्या घराण्यातले डिझेल इंजिन जीपमध्ये आले. महिंद्राचा इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरचा संयुक्त कारखाना १९६३ पासून होताच. आज त्याच कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना आमच्या हिंगणा एमआयडीसीत आहे. ऐंशीच्या दशकात प्यूजो या फ्रेंच कंपनीच्या परवान्याचे डिझेल इंजिन आले. मी पाहत होतो ती एमएम ५४० याच पिढीतली.

नागपूरच्या उत्तरेला जबलपूर आहे. तिथल्या आयुध कारखान्यांत निस्सानच्या पेट्रोलवरून बेतलेली 'जोंगा' तयार होई. जबलपूर ऑर्डनन्स अँड गनकॅरेज असेंब्ली या नावाची ती आद्याक्षरे. चार लिटरच्या आसपासचे सहा सिलिंडरी पेट्रोल इंजिन. ताकद अफाट, तहानही अफाट. १९८५ च्या अखेरीस मारुतीची जिप्सी आली आणि हळूहळू सैन्य, पोलीस आणि ताडोबा-पेंचच्या जंगलवाटा तिने घेतल्या. जिप्सीही आता बनत नाही. या साऱ्या गाड्या सरकारी सेवेतून उतरल्या की लिलावात जातात, लिलावातून व्यापाऱ्याकडे, त्याच्याकडून हौशी माणसाकडे. म्हणजे १९४६ च्या डिस्पोजलचा ओघ अजून आटलेला नाही. त्यात राजधानी परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आल्यापासून तिकडच्या जुन्या गाड्याही इतर राज्यांच्या बाजारात येऊ लागल्या.

हे सगळे वाचून मी कामठी मार्गावरच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीला सोबत नेले. मी बॉनेटमध्ये डोकावत होतो, तर तो म्हणाला, "भाऊ, इंजिन काय पाहून राहिले? इंजिन बांधता येते. कागद बांधता येत नाही ना." त्याने आधी चेसिसवरचा क्रमांक घासून पाहिला. आकडे होते, पण एका बाजूचा पत्रा नवा आणि रंगाचा थर जाड. मग पुढच्या चाकांचा जोड लावून गाडी हळू फिरवली. जोड बसत होता, पण सुटताना अडत होता. कित्येक वर्षे न वापरल्याने असे होते म्हणे. चार चाकांची ताकद ज्यासाठी घ्यायची, तीच आजारी! तरी हे सारे दुरुस्तीचे काम होते, पंचवीस-तीस हजारांचे.

खरी अडचण नोंदणीपुस्तकात निघाली. त्यावरचे नाव विकणाऱ्याचे नव्हते, त्याच्या आधीच्याचेही नव्हते, त्याच्याही आधीच्या मालकाचे होते. मधले दोन व्यवहार कोऱ्या फॉर्मांवर सह्या घेऊन झालेले. आपल्याकडे ही रीत इतकी रुळली आहे की कोणाला त्यात वावगे वाटत नाही. पण मोटार वाहन कायद्याचे ५० वे कलम हस्तांतर कळवायला मुदत घालून देते. आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार खटल्यात स्पष्ट केले की अपघाताच्या भरपाईपुरता मालक म्हणजे नोंदीवर ज्याचे नाव तोच. गाडी पाच हात फिरली तरी जबाबदारी पहिल्याच्याच गळ्यात. हा निर्णय विकणाऱ्यांनीही वाचण्यासारखा आहे.

त्यात नोंदणीचे पंधरा वर्षांचे आयुष्य २०११ ला संपलेले, पाच-पाच वर्षांची दोन नूतनीकरणे झालेली आणि २०२१ नंतर काहीच नाही. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या मोटारीच्या नूतनीकरणाचे शुल्क ६०० वरून ५,००० झाले. वर पर्यावरण कर आणि योग्यता तपासणी. शिवाय मूळ रचनेत न बसणारे फेरफार नोंदीला चालत नाहीत, हे जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच सांगितले आहे. त्या नव्या पत्र्याकडे आणि जाड रंगाकडे मी पुन्हा एकदा पाहिले.

विकणारा माणूस वाईट नव्हता. "सगळ्यांचं असंच असते दादा," तो म्हणाला, "दहा हजार टोकन देऊन ठेवा, बाकी मी करून देतो. उद्या एक पार्टी येऊन राहिली." घाई, आगाऊ रक्कम आणि तपासणी नंतर. क्रम ओळखीचा वाटला. मी सांगितले की गाडी आधी स्वतःच्या नावावर करून घ्या, नोंदणी जिवंत करा, मग माझे पूर्ण तीन लाख दहा हजार घ्या, एक रुपयाही कमी करणार नाही. तो हसला. त्याच्या दृष्टीने मी गिऱ्हाईकच नव्हतो.

पंधरा दिवसांनी ती जीप कोणीतरी नेली. मला वाईट वाटले, हे कबूल करतो. इतिहासाने शहाणपण दिले, पण नायकुंडची वाट काही दिली नाही. त्या पावसाळ्यात मी कुठल्याच दूरच्या शिवारात गेलो नाही. दिवाळीच्या आधी माती वाळते, वाटा घट्ट होतात, तेव्हा दुचाकीने जावे हेच आजवर केले, तेच यंदाही. अट मात्र मागे घेतलेली नाही. ज्याच्या हाती जीप, त्याच्याच नावावर कागद, असा मालक भेटला तर मी अजूनही गिऱ्हाईक आहे. मिस्त्रीला तसे सांगून ठेवले आहे. तो म्हणाला, "भेटन भाऊ, टाइम लागन."