पोटाची भूक आणि मनाची भूक

आपल्या मराठीने अन्न आणि मन ही एकाच ताटात वाढून ठेवली आहेत. आपण राग गिळतो, अपमान पचवितो, बोलणी खातो. आणि काळजी तर उलट आपल्यालाच खाते. ज्या घरी मृत्यू घडला त्या घरची चूल त्या दिवशी पेटत नाही. शेजारीण पिठलेभात घेऊन येते आणि ‘दोन घास तरी पोटात जाऊ द्या’ असे म्हणत शोकाकुल माणसापाशी बसते. त्या दोन घासांनी गेलेला परत येत नाही हे तिला ठाऊक असते. परंतु अन्नावाटे धीर देता येतो हेही तिला ठाऊक असते. ह्याच ज्ञानाची दुसरी बाजू मात्र काळोखी आहे. घर निजल्यावर स्वयंपाकघरात जाऊन, आवाज न करता डब्याचे झाकण काढणारा माणूस पुष्कळदा भुकेला नसतो. त्याचे जेवण यथास्थित झालेले असते. कसला तरी सल, कसली तरी धास्ती, कसले तरी एकटेपण त्याला तेथे घेऊन येते. तो खात राहतो. आणि डबा रिता झाल्यावर मूळच्या दुःखात लाजेची तेवढी भर पडलेली असते.

हा अनुभव नवा नाही. त्याला समजूतदारपणे ओळखण्यास मात्र मनुष्यजातीला फार काळ लागला. तोपर्यंत अशा माणसाला मिळालेली नावे बहुधा शिवीवजाच होती: खादाड, अधाशी, बकासुर. ह्या नावांच्या पलीकडे जाऊन, ‘हा मनुष्य एवढे का खातो?’ असा प्रश्न ज्या थोड्यांनी विचारला, त्यांची हकीकत येथे सांगावयाची आहे.

पहिली हकीकत आपल्याच देशातील आहे. गोव्यात जन्मलेल्या धर्मानंद कोसंबींनी (१८७६–१९४७) जे पाली वाङ्मय मराठी वाचकांच्या ओळखीचे करून दिले, त्यातील संयुत्तनिकायात कोसल देशाच्या प्रसेनजित राजाविषयी एक स्वतंत्र प्रकरण आहे. हा राजा एका वेळी द्रोणभर भात जेवीत असे. हा द्रोण म्हणजे आपला पळसाच्या पानांचा द्रोण नव्हे. ते धान्य मोजण्याचे मोठे माप होय. एकदा असे जेवून, धापा टाकीत, तो श्रावस्तीस बुद्धाच्या भेटीला गेला. बुद्धाने त्याला उपास सांगितला नाही की नरकाचे भय घातले नाही. जो सावधचित्त राहून आहाराची मात्रा जाणतो त्याची पीडा हलकी होते आणि त्याला वार्धक्य सावकाश येते, एवढ्याच आशयाची एक गाथा त्याने म्हटली. राजाच्या मागे सुदर्शन नावाचा एक तरुण उभा होता. राजा त्याला म्हणाला, की ही गाथा तू पाठ कर आणि मी जेवावयास बसेन तेव्हा मला म्हणून दाखव. रोजचे शंभर कार्षापण तुला मिळतील. पुढे हळूहळू राजाचा आहार द्रोणावरून नाळी ह्या त्याहून पुष्कळ लहान मापावर आला, त्याचे शरीर हलके झाले, आणि आपल्या अंगावरून हात फिरवीत त्याने बुद्धाच्या करुणेचे स्मरण केले.

धम्मपदाच्या अट्ठकथेत ह्या गोष्टीला एक मोठा व्यवहारी तपशील जोडलेला आहे. राजा शेवटचा घास उचलील त्या वेळी सुदर्शनाने गाथा म्हणावी. तो घास राजा टाकील. आणि दुसऱ्या दिवशी त्या घासात जितकी शिते होती तितके तांदूळ कमी शिजवावेत. एकदम निम्मे ताट काढून घेण्याचा हा मार्ग नव्हे. रोज एका घासाचा आहे.

राजा एवढे का खात असे, हे सूत्रात सांगितलेले नाही. परंतु त्याच्या मागेपुढे जे आहे ते वाचणाऱ्याला राजाच्या मनाची थोडीशी कल्पना येते. ह्या सूत्राला लागूनच पुढे त्याचा आणि अजातशत्रूचा संग्राम येतो, आणि त्यात प्रसेनजिताचा पराभव होतो. त्याच प्रकरणात लाडक्या आजीच्या मृत्यूने व्याकूळ झालेला प्रसेनजित आपल्याला भेटतो. आणि अंगुत्तरनिकायात मल्लिका राणी निवर्तल्याचे कळताच खांदे पाडून, मान खाली घालून मूकपणे बसलेला राजाही तोच. एवढ्यावरून त्याच्या द्रोणाचे कारण सिद्ध होते असे मी म्हणत नाही. पण ज्याच्या ताटाची चर्चा चालली आहे तो निव्वळ जिभेचा गुलाम नसून चिंतांनी वेढलेला एक माणूस आहे, हे त्या ग्रंथाच्या मांडणीतून सहज दिसते.

दुसरी हकीकत इजिप्तच्या वाळवंटातील आहे. ख्रिस्ती शतकांतील चौथ्या शतकाच्या अखेरीस तेथे एव्हाग्रिअस नावाचा एक विद्वान संन्यासी राहत होता. साधकाला छळणाऱ्या आठ विचारांची त्याने एक यादी केली आणि तीत पहिले स्थान खादाडपणाला दिले. यादी पाहून वाटते की आता पक्वान्नांच्या मोहाचे वर्णन येणार. परंतु एव्हाग्रिअसने वर्णन केले आहे ते भयाचे. ह्या विचाराने पछाडलेल्या साधकाला आपले जठर, यकृत आणि प्लीहा डोळ्यांपुढे दिसू लागतात. आपण दीर्घकाळ आजारी पडू, औषध मिळणार नाही, वैद्य भेटणार नाही, अशी धास्ती त्याला वाटते. आणि मग तो खाण्याकडे वळतो. घासामागे भूक नसून भीती असते, हे त्या एकांतवाशाने स्वतःच्या मनाचा शोध घेऊन ओळखले होते. पुढे सहाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोप ग्रेगरीने अशा याद्यांना सात महापातकांचे रूप दिले, आणि लोकांच्या तोंडी राहिले ते पातक. त्यामागच्या भयाचे निरीक्षण पोथीतच राहिले. जे लक्षण म्हणून पाहिले गेले होते ते अपराध म्हणून ओळखले जाऊ लागले, आणि अपराध्याला कोणी ‘तुला काय होते आहे?’ असे विचारीत नाही.

तिसरा मनुष्य जॉर्ज चेनी. हा स्कॉटलंडचा. १६७१ च्या सुमारास जन्मलेला हा तरुण डॉक्टर अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनला आला. परक्या शहरात ओळखी व्हाव्यात आणि व्यवसाय जमावा म्हणून तो खानावळींतून आणि मद्यगृहांतून आनंदी मंडळींच्या संगतीत बसू लागला. खाण्यापिण्यात तो त्यांच्या बरोबरीने चालला आणि थोड्याच वर्षांत त्याला जिना चढणे कठीण झाले. मग तो आजारी पडला, आणि पंक्तीचे मित्र एकेक करून दिसेनासे झाले. त्याने खेड्यात जाऊन दुधाचा आणि साध्या अन्नाचा आहार धरला, वजन उतरले, बरे वाटू लागले, आणि बरे वाटू लागताच जुनी सवय परतली. ह्या दुसऱ्या खेपेस त्याचे वजन ३२ स्टोन, म्हणजे दोनशे किलोहून अधिक झाले. पुन्हा दूध, भाजीपाला आणि मद्याचा त्याग. तो १७४३ पर्यंत जगला आणि बाथ ह्या गावी नामांकित डॉक्टर म्हणून राहिला.

चेनीचे महत्त्व त्याच्या आहारात नाही. त्याच्या कबुलीत आहे. १७३३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द इंग्लिश मॅलडी’ ह्या ग्रंथाचा विषय खिन्नता, उदासीनता आणि मज्जातंतूंचे विकार हा होता. त्याच्या शेवटी त्याने स्वतःच्या रोगाची संपूर्ण हकीकत जोडली: लठ्ठपणा, रात्रीची भीती, मनाचा काळोख, सुधारणा आणि पुन्हा घसरण, सर्व काही. डॉक्टराने आपला स्वतःचा पराभव असा छापून काढणे ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. ‘पामेला’कार सॅम्युअल रिचर्डसन हा त्याचा रोगीही होता आणि स्नेहीही, त्याला चेनीने वर्षानुवर्षे पत्रे लिहिली, आणि त्यांतून आहाराबरोबर धीरही दिला. तथापि त्याच्या विचारातील एक उणीव नमूद केली पाहिजे. अतिभोजनाने मज्जातंतू बिघडतात आणि त्यामुळे मन खिन्न होते, हा क्रम त्याने आग्रहाने मांडला. खिन्न मनच माणसाला ताटाकडे ढकलते, हा उलट क्रम त्याच्या चरित्रात स्पष्ट असूनही त्याच्या सिद्धान्तात गौण राहिला.

तो उलट क्रम मुख्य प्रश्न म्हणून मांडण्याचे काम विसाव्या शतकात एका स्त्रीने केले. हिल्डे ब्रूख (१९०४–१९८४) ही जर्मनीतील ज्यू डॉक्टर. १९३३ साली हिटलरचा अंमल सुरू होताच तिने देश सोडला आणि इंग्लंडमार्गे ती न्यूयॉर्कला पोहोचली. तेथील बालरुग्णालयात स्थूल मुले तिच्याकडे येत. ह्या मुलांच्या ग्रंथींत दोष असतो असे तेव्हा सर्रास मानीत. ब्रूखने मुले तपासली, आणि नंतर त्यांच्या घरी काय चालते तेही पाहिले. तेव्हा बहुतेकांच्या ग्रंथी निर्दोष आढळल्या. पुढे मानसोपचाराचे शिक्षण घेऊन तिने जो विचार मांडला तो असा: तान्ह्या मुलाला आपली भूक ओळखता येणे हे शिक्षणाने साध्य होते. मूल भुकेने रडले, थंडीने रडले, भयाने रडले, आणि प्रत्येक रडण्याला उत्तर म्हणून तोंडात घासच पडला, तर मोठेपणी त्याला पोटातील भूक आणि मनातील अस्वस्थता ह्यांतील भेद कळेनासा होतो. तो खोटे बोलत नसतो. त्याला खरोखरच भूक लागल्यासारखे वाटते.

हा विचार जितका मार्मिक तितकाच, अविचाराने वापरला तर, निष्ठुर आहे. त्याच्या आधाराने सर्व दोष आईच्या माथी मारण्याची प्रथा पडली, आणि त्या प्रथेतून ब्रूखचे स्वतःचे लिखाणही अगदी मुक्त नाही. शिवाय १९९४ साली लेप्टिन ह्या संप्रेरकाचा शोध लागल्यापासून, भूक आणि मेद ह्यांचे नियमन शरीर स्वतःही किती खोलवर करते आणि त्यात आनुवंशाचा वाटा किती, हे उघड झाले आहे. प्रत्येक स्थूल मनुष्य दुःखाने खातो असे नाही, आणि दुःखाने खाणारा प्रत्येक जण स्थूल असतो असेही नाही. परक्याच्या देहाकडे पाहून त्याच्या मनाचे निदान करू नये, एवढा विवेक तरी ह्या इतिहासाने आपल्याला द्यावा.

मग वाचक म्हणतील, की कारण काहीही असो, निग्रहाने तोंड बंद ठेवावे म्हणजे झाले. ह्या उपायाचीही परीक्षा झालेली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज ह्याने ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, २४ आठवडे अर्धपोटी ठेवले. युद्धपीडित लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे हे शोधणे हा हेतू होता. ह्या तरुणांचे वजन सुमारे एक चतुर्थांश घटले. पण त्याहून विलक्षण बदल मनात झाले. ते पाककृतींची पुस्तके वाचू लागले, थाळ्या चाटू लागले, चिडखोर आणि खिन्न झाले. बंधन सुटल्यावर काहींना पोट फुटेस्तोवर खाऊनही तृप्ती वाटेना. हे सर्व मनाने निकोप म्हणून निवडलेले लोक होते. केवळ उपासमारीने त्यांची ही दशा केली. पुढे १९७५ साली हर्मन आणि मॅक ह्यांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात आणखी एक गंमत आढळली. आधी मिल्कशेक पाजला असता सामान्य स्त्रिया नंतर आइस्क्रीम कमी खातात. परंतु सदैव पथ्याच्या धाकात वावरणाऱ्या स्त्रिया उलट जास्त खातात. नेम एकदा मोडला, आता काय राहिले, असा तो हिशेब. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही आपली म्हण हेच पूर्वीपासून सांगत आली आहे.

आता ह्या साऱ्या हकीकती शेजारी ठेवून पाहिल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. लाज आणि उपासमार ह्यांनी मनाची भूक शमत नाही, वाढते. ज्यांना काही उतार पडला त्यांना तो दोन गोष्टींनी पडला. एक म्हणजे सावधपणा: घास उचलण्यापूर्वी क्षणभर थांबून ‘ही भूक पोटाची की कशाची?’ असे स्वतःस विचारणे, आणि ठरल्या वेळी, पोटभर, उजळ माथ्याने जेवणे. दुसरी म्हणजे सोबत. प्रसेनजित राजा होता. गाथा त्याला स्वतःलाही पाठ करता आली असती. पण एकट्याच्या निश्चयावर त्याने भिस्त ठेवली नाही. मागे उभा राहून रोज, न रागावता, न हसता, तेच शब्द म्हणणारा एक माणूस त्याने मागून घेतला. रिचर्डसनला चेनीची पत्रे होती. आज तर अनावर खाण्याच्या विकाराला वैद्यकाने २०१३ पासून स्वतंत्र रोग म्हणून मान्यता दिली आहे, आणि त्यावरील मानसोपचार हाही पुष्कळ अंशी असा शांत, विश्वासाचा संवादच असतो. ज्याला ह्या सवयीने ग्रासले आहे त्याने वैद्याकडे जाण्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

आपल्या घरांतून ह्याचा उपयोग कोठून सुरू करावा? मला वाटते, रडणाऱ्या मुलापासून. त्याच्या हातावर लाडू ठेवण्यापूर्वी ‘काय झाले रे?’ असे विचारून उत्तरासाठी थोडे थांबावे. लाडू नंतर द्यावयास हरकत नाही. आणि रात्री उशिरा स्वयंपाकघरातून डब्याचा आवाज ऐकू आला, तर दाराशी उभे राहून थट्टा करू नये. आत जावे, दिवा लावावा, आणि सुतकाच्या घरी शेजारीण बसते तसे जवळ बसावे.