रेणवीय यंत्रे, कृत्रिम
प्रकाश किंवा रासायनिक विक्रियेने ठरावीक हालचाल करणारे, प्रयोगशाळेत घडवलेले रेणू. रोटॅक्सेन हा त्यांतला ठळक प्रकार : बैलगाडीच्या आसावर चाक असावे तसे दांडीसारख्या रेणूवर कडे ओवलेले, टोकांच्या जाड गटांमुळे ते निसटत नाही. फ्रेझर स्टॉडर्ट व सहकाऱ्यांनी २००४-०५ मध्ये असे अब्जावधी रेणू सोन्याचा मुलामा दिलेल्या सूक्ष्म पट्टीवर बसवले. ऑक्सिडीकारक घालताच प्रत्येक रेणूवरची दोन कडी एकमेकांकडे सरकून पट्टी वाकली. ॲस्कॉर्बिक आम्लाने, म्हणजे आवळ्यातल्या क जीवनसत्त्वानेच, ती पूर्ववत झाली. बेन फेरिंगांच्या प्रकाशचलित रेणवीय मोटरींनी २००६ मध्ये द्रवस्फटिकाच्या पटलावर २८ मायक्रोमीटर लांबीची काचकांडी फिरवली. कांडी मोटरीपेक्षा हजारो पट मोठी. झां-प्येर सोव्हाज यांच्यासह स्टॉडर्ट व फेरिंगा या दोघांना २०१६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले.