तेलाशीं सख्य, पाण्याशीं वैर

समुद्रांत सांडलेलें तेल काढावयाचें, तर पाण्याला न शिवतां तेवढें तेलच धरणारी वस्तु हवी. ही साधी गोष्ट पटावयास मोठा अपघात व्हावा लागला.

१९६७ सालीं मार्चच्या १८ तारखेस ‘टॉरी कॅन्यन’ हें तेलवाहू जहाज इंग्लंडच्या नैर्ऋत्येस, कॉर्नवॉल व सिली बेटें यांच्या दरम्यान खडकावर आदळलें. पोटांत कुवेतचें सुमारें १ लक्ष १९ हजार टन खनिज तेल होतें. इंग्रज अधिकाऱ्यांनीं धोब्याचा उपाय योजला. साबणासारखें सुमारें १० हजार टन प्रक्षालक द्रव्य तेलावर व किनाऱ्यावर फवारलें. अशा द्रव्यानें तेल नाहींसें होत नाहीं. त्याचे बारीक कण होऊन तें पाण्यांत मिसळतें, इतकेंच. खडक उजळले खरे, पण त्यांवरील शिंपले-गोगलगाईंचा संहार तेलापेक्षां या औषधानेंच अधिक केला, असें प्लिमथच्या सागरी प्रयोगशाळेस आढळलें.

फ्रेंचांची रीत निराळी. बिस्केच्या उपसागरांत त्यांनीं सुमारें ३ हजार टन खडूची पूड तेलावर टाकली. खडू एरवीं पाण्यानें भिजतो. म्हणून मेणबत्त्यांत वापरतात त्या स्टिअरिक आम्लाचा संस्कार तिच्यावर केलेला होता. तिचे कण पाणी झिडकारीत, तेलाला बिलगत आणि तें घेऊन तळाशीं जात. युक्ति नामी, पण डोळ्यांआड झालेलें तेल समुद्रांतच राहिलें! तें बाहेर काढावयाचें, तर वस्तु तरंगलीही पाहिजे. १९६९ सालीं कॅलिफोर्नियांत सांता बार्बरा येथें पेंढा पसरला, तो तेलाबरोबर पाणीही पीत असे. पॉलिप्रॉपिलीनच्या कृत्रिम धाग्यांत ही उणीव नाहीं; ते पाण्याहून हलके असून पाणी शोषीत नाहींत.

वास्तविक असलें वस्त्र निसर्गानें पुरातन काळींच विणलें आहे. समुद्रपक्ष्याचें पीस पाण्याला आंत शिरूं देत नाहीं, म्हणून पक्षी उबदार राहतो. तेलाला मात्र तेंच पीस ओढून घेतें, आणि पक्षी गारठून मरतो. टॉरी कॅन्यनच्या तेलानें असे हजारों पक्षी मेले.

१९८९ सालीं अलास्कांत ‘एक्झॉन व्हाल्डेझ’ जहाज फुटलें, तेव्हां समुद्रांतील पाणमांजरांची हीच गत झाली. अलाबामा संस्थानांतील फिल मॅक्रोरी या केशकर्तनकारानें तें दृश्य दूरचित्रवाणीवर पाहिलें. केंसाळ अंगाला तेल इतकें चिकटतें, तर दुकानांत रोज झाडून टाकले जाणारे केंस काय वाईट? त्यानें ते पत्नीच्या पायमोज्यांत भरले, मुलाच्या खेळण्याच्या हौदांत पाणी घेऊन वर मोटारीचें वापरलेलें तेल ओतलें, आणि तें बोचकें आंत सोडलें. थोड्याच वेळांत तेल केंसांना लागलें व पाणी निवळलें.