तंजावरचा पश्चिमवादी

त्यागराजांच्या समाधीमुळे ज्या तिरुवैयारुचे नाव गानप्रेमी मराठी माणसाच्या ओठी येते, ते कावेरीकाठचे पंचनद क्षेत्र सुमारे सव्वाशे वर्षे भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि त्या दरबाराचे कागद मोडीत लिहिले जात, ही गोष्ट आपल्या स्मरणात क्वचितच असते.

त्या काळच्या मराठी न्यायपद्धतीत फिर्याद करणारा तो अग्रवादी आणि जबाब देणारा तो पश्चिमवादी. पहिल्यानेच सभेपुढे आलेल्या पश्चिमवाद्याकडून आधी मागत ते पुरावा नव्हे, तर हाजीर जामीन व राजीनामा, म्हणजे पंच जो निवाडा करतील तो आपणांस मान्य, असा लेख. मग उभयतांच्या तकरिरी, म्हणजे जबान्या, लिहून घेत, साक्षी होत. आणि कागद व साक्षी दोन्ही तोकड्या पडल्या म्हणजे दिव्याची पाळी येई. रवादिव्यात कढत तेलातुपातून धातूचा तुकडा हाताने काढावयाचा, हातास पिशवी बांधून वर मोहोर करावयाची आणि काही दिवसांनी ती उघडून हात पाहावयाचा! जिंकणाऱ्याने हरकी, म्हणजे जिंकल्याची भेट, भरावी, हरणाऱ्याने गुन्हेगारी, म्हणजे दंड. कनवटी हलकी न होता घरी परतणारा विरळाच.

१७९९ च्या तहाने सरफोजीराजांकडे तंजावरचा किल्ला व लगतचा थोडा मुलूख तेवढा उरला आणि बाकीचा प्रांत कंपनीकडे गेला. १८०२ च्या मद्रास कायद्यांनी जिल्हा अदालती आल्या, १८१६ त कंपनीचा अधिकारी मन्रो याच्या पुढाकाराने मुन्सफ आले, आणि १८४० त गंगोदकाची शपथ जाऊन तिच्या जागी साधी प्रतिज्ञा आली. राजीनाम्याची जागा समन्स, वकीलपत्र आणि तारीख यांनी घेतली. जुन्या पंचांस शेताचा बांध ठाऊक असे, नव्या न्यायाधीशास तो नकाशावर दाखवावा लागे. तरीही मला विचाराल तर, कढत तेलापेक्षा तारीख बरी.

या मुलखातील सर्वांत बलाढ्य प्रतिवादी मात्र खुद्द कंपनी सरकार होते. १८५५ त दुसरे शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर सरकारने राज्याबरोबर खाजगी दौलतही जप्त केली, तेव्हा थोरल्या राणी कामाक्षीबाईंनी मद्रासच्या सुप्रीम कोर्टात दावा लावला आणि तो जिंकलाही. १८५९ त प्रिव्ही कौन्सिलने तो निकाल फिरवला : जप्ती हे राजसत्तेचे कृत्य, त्याची चौकशी करण्याचा अधिकार कोर्टास नाही. पुढे मालमत्ता राण्यांस परत मिळाली, पण हक्क म्हणून नव्हे, मेहेरबानी म्हणून.

सामान्य प्रतिवाद्यास असा बचाव कोठला? त्याने समन्सावरील तारखेस हजरच व्हावे. न झाल्यास दिवाणी दाव्यात एकतर्फी हुकूमनामा होतो, फौजदारीत वॉरंट निघते. मात्र आरोपीने स्वतःविरुद्ध साक्ष द्यावी, अशी सक्ती त्याच्यावर १९५० पासून संविधानाच्या विसाव्या अनुच्छेदानुसार करता येत नाही.