टक घराणें आणि नाताळचीं कार्डें

नाताळ हा ख्रिस्तजन्माचा सण; परंतु त्याचीं शुभेच्छापत्रें इंग्लंडांत घरोघर पोंचविण्यांत जिचा मोठा वाटा होता, ती 'राफेल टक आणि पुत्र' ही पेढी एका यहुदी घराण्याची होती. यांत कोणास विसंगति दिसेल. आम्हांस ती दिसत नाहीं. मोहरमाचे ताबूत सजविणारे हिंदु कारागीर आपल्याकडेहि होतेच. नवल आहे तें या धंद्याच्या पैशाचें पुढें काय झालें, याचें.

राफेल टक हे १८६५ सालीं प्रशियांतील कोश्मिनहून लंडनला आले. पुढल्याच वर्षीं पूर्व लंडनांत चित्रें व चौकटी विकण्याचें लहानसें दुकान निघालें आणि १८७१ पासून नाताळचीं कार्डें. पण धंद्याला खरा रंग चढविला तो पुत्र आडोल्फ यांनीं. १८८० सालीं त्यांनीं कार्डांसाठीं चित्रांची स्पर्धा लावली, ५०० गिनींचीं बक्षिसें ठेविलीं आणि आलेलीं चित्रें डडली गॅलरींत मांडलीं. रंगीत शिळाछापांत त्या काळीं जर्मन कारागिरांचा हातखंडा असल्यामुळें पेढीचें बरेंचसें काम जर्मनींतच छापून येई. (मुंबईंत १८९४ सालीं निघालेल्या रविवर्म्याच्या छापखान्यालाहि जर्मन तंत्रज्ञच लागले.) १८९३ सालीं राणी व्हिक्टोरियाची सनद मिळाली, १९१० सालीं आडोल्फ बॅरोनेट झाले. पेढीच्या चित्रपत्रांत पुढें मुंबईचे देखावेहि आले.

धाकटे बंधु गुस्टाव्ह यांची वृत्ति निराळी. अन्नवस्त्राचें दान देणारे धनिक पुष्कळ असतात. यांनीं आपल्या समाजाच्या इतिहासाला दान दिलें. दानशूर मोकाटा यांचा यहुदी ग्रंथसंग्रह लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत होता. गुस्टाव्ह यांच्या देणगीनें १९३२ सालीं त्यास नवी जागा व जोडीला व्याख्यानगृह मिळालें. परक्या भूमींत स्थिरावलेल्या समाजास आपले कागदपत्र जपणें किती निकडीचें, हें त्यांनीं ओळखलें होतें असें आम्ही समजतों.

तें जपणें आठच वर्षें टिकलें. १९४० सालीं जर्मन बाँबवर्षावांत तें ग्रंथालय गेलें. त्याच सालच्या २९ डिसेंबरच्या रात्रीं मूरफील्ड्समधील पेढीची वास्तु, 'राफेल हाउस', मूळ चित्रें व दप्तरासह जळाली.

व्याख्यानगृह युद्धानंतर पुन्हां उभें राहिलें; गुस्टाव्ह यांचें नांव आजहि त्यास आहे. दप्तर मात्र कायमचें गेलें. म्हणून पेढीचा इतिहास आतां लोकांच्या जुन्या आल्बमांत उरलेल्या कार्डांवरूनच, मागील क्रमांक नि टपालाचे शिक्के वाचीत, जुळवावा लागतो.